थोरली की धाकटी

१

विषघराच्या फरशीवर उस्ताद भिंतीला पाठ टेकून बसलेले होते. डावा पाय लांब, उजवा दुमडलेला, चष्मा नाकावर जागच्या जागी, साप उचलायचा आकडा मांडीवर आडवा. पाहणाऱ्याला वाटावं, दोन घटका विसावलेत. पण बुबुळं वर गेली होती, आणि ओढणी बांधलेल्या डाव्या गुडघ्याखाली पँटवर रक्ताचे दोन ठिपके हळूहळू एकमेकांकडे सरकत होते.

समोर दोन पिंजरे. दोन्हींत साप. दोन्हींच्या कड्या बाहेरून नीट लावलेल्या.

औषधं बनवणाऱ्या एका संस्थेची ही मागची इमारत. इथे सापांचं विष काढायचं आणि त्या विषापासून पुढे सर्पदंशावरचा उतारा तयार व्हायचा. उस्तादांनी या कामात तीस वर्षं घातली. त्यांच्यासोबत तीसच वर्षं घातली त्यांच्या जोडीदारानं. एकानं डोकं धरायचं, दुसऱ्यानं शेपूट. दोन माणसं आणि मधे मरण, असा तो संसार.

जोडीदाराच्या ओरडण्यानं पिंजरेवाली धावत आली. पिंजरे झाडणारी, पाणी भरणारी, तोंडानं फटकळ बाई. तिनं उस्तादांना पाहिलं, मग दोन्ही पिंजऱ्यांकडे. 

"कुठली?"

जोडीदार तिच्या तोंडाकडे पाहत होता. "थोरली," तो म्हणाला.

२

उस्तादांची लेक त्याच इस्पितळात तळमजल्यावर कान तपासायची, जिथे वरच्या मजल्यावर उस्तादांना आणलं. आवाज न शिरणाऱ्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर यंत्र चढवायचं, आणि विचारायचं, आलं का ऐकू? दिवसाला वीस माणसं. आज चौथ्या माणसाच्या मधेच तिला कुणी तरी दारातून खूण केली, आणि ती धावत जिना चढली.

आई खाटेशी होती. तिनं उस्तादांचा, लेकीच्या आबांचा, अंगठा मुठीत धरला होता, सोडत नव्हती. आबांच्या हिरड्यांतून रक्त झिरपत होतं आणि घशात नळी होती. आता त्यांना विचारून काही कळणार नव्हतं.

डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बाहेर घेतलं. तोंडावर मास्क, आवाज मुळातच हळू. संस्थेचे साहेब होते, जोडीदार होता, लेक होती.

"रक्त गोठत नाहीये," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्याकडच्या दोन्ही सापांचं विष हेच करतं, त्यामुळे लक्षणांवरून मला कळणार नाही. सूज एवढी आहे, की दातांच्या खुणांवरूनही नाही. रक्त बाहेर तपासायला पाठवलं तर सहा तास. दोन्ही सापांचे उतारे वेगळे. आणि उस्तादांच्या कागदांवर लिहिलंय, आठ वर्षांपूर्वी उताऱ्यानंच त्यांचा जीव जाता जाता राहिला होता. त्यांचं शरीर एकच उतारा झेलेल. एकच. चुकीचा दिला, तर दुसरा द्यायला माणूस उरणार नाही. म्हणून विचारते. तुम्हाला खात्री आहे ना?"

"हो हो," जोडीदार मान हलवत म्हणाला.

"किती वाजले होते तेव्हा?"

"हो ना. थोरलीच."

डॉक्टरबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. बिचारा भेदरलाय, असं त्यांच्या डोळ्यांत आलं. साहेबांनी जोडीदाराच्या पाठीवर हात ठेवला. "तीस वर्षं सापांत काढलेला माणूस आहे, डॉक्टर. तो सांगतोय म्हणजे झालं. थोरलीचा उतारा घेऊन येतो."

लेकीलाही ते पटलं. आबांच्या या जोडीदाराला ती काका म्हणायची; त्यांनी तिला खांद्यावर घेऊन शाळेत सोडलं होतं. काकांचा शब्द म्हणजे आबांचाच शब्द.

मग नर्सनं आबांच्या कपड्यांची प्लास्टिकची पिशवी तिच्या हातात दिली. पिशवीच्या तळाला पाणी साचलं होतं. लेकीनं वरून हात लावला.

पाणी कोमट होतं.

३

पिशवीत कापलेली पँट होती, आणि गरम पाण्याची रबरी पिशवी. आबांचा डावा गुडघा दोन वर्षं धरला होता. रोज सकाळी कामावर गेले की ते ही पिशवी भरायचे आणि पँटवरून जुन्या ओढणीनं गुडघ्याला बांधायचे. काकाच हसायचे त्यांना. "उस्ताद, गुडघ्याला बाळ बांधलंय का?"

पिशवी अर्धी रिकामी झाली होती. लेकीनं ती दाबली. रबरातून दोन बारीक धारा उडाल्या. शेजारी शेजारी. सुईनं टोचावं तशी दोन भोकं.

तिनं पँट उलगडून रक्ताच्या ठिपक्यांशेजारी पिशवी धरून पाहिली. सापानं एकदा नाही, दोनदा तोंड मारलं होतं. आधी पिशवीला, मग पिशवीच्या खालच्या काठाला लागून पोटरीला.

लहानपणी तिला झोपवताना आबा स्वतःच जुळवलेली ओवी म्हणायचे. विषघरात जुनी गेली की नवीला तेच नाव मिळायचं, त्यामुळे थोरली आणि धाकटी कधी मरायच्याच नाहीत.

थोरली गं पाहते हलतं पाऊल,
धाकटीला लागे उबेची चाहूल.
एकीला उजेड, एकीला अंधार,
दोघींचा जगी गं निराळा संसार.

तेव्हा ती झोपून जायची. मोठेपणी कळलं की ओवीत सगळं शास्त्र होतं. थोरली म्हणजे जाड, ठिपक्यांची, डिवचली की कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारणारी. ती हलणाऱ्या वस्तूवर झेपावते. धाकटी सडपातळ आणि मुकी. तिच्या डोळ्याच्या आणि नाकाच्या मधे दोन खळगे असतात, आणि त्या खळग्यांना ऊब दिसते. अंधाऱ्या खोलीत उंदीर निश्चल बसला तरी तिच्यापुढे तो पेटलेल्या दिव्यासारखा असतो. आपल्याला जसा रंग, तशी तिला ऊब.

आबांच्या अंगावर सगळ्यात गरम काय होतं? हात नव्हे, पाय नव्हे. गुडघा.

ती डॉक्टरबाईंकडे धावली. त्यांनी रबरी पिशवी उलटसुलट करून पाहिली.

"हे मला पटतंय," त्या म्हणाल्या. "पण थोरली घाबरून काहीही चावू शकते, की नाही?"

लेकीला ते ठाऊक होतं. शकते.

"तिथे हजर असलेला माणूस थोरली म्हणतोय. तुमच्या रबरी पिशवीवर मी त्याचा शब्द मोडू? आत्ता साडेबारा झालेत. रक्तदाब उतरतोय. दोनपर्यंत थांबेन. दोनला जे हातात असेल ते टोचेन."

आई दारातून बघत होती.  

४

विषघर दहा मिनिटांवर. साहेब आणि जोडीदार उतारा आणायला आधीच परतले होते. पिंजरेवाली पायरीवर बसून पदरानं नाक पुसत होती.

"ताई, सकाळी काय काय झालं ते सगळं सांगा. अगदी फालतू वाटलं तरी."

"काय सांगू बाई. नऊला धाकटीला गारव्याच्या कपाटात ठेवली. खालच्या खणात." हे लेकीला ठाऊक होतं. धाकटी फार चपळ, म्हणून तिचं विष काढण्याआधी तिला तासभर थंड कपाटात ठेवायचं. गारठली की ती सुस्त होते, दोरीसारखी हातात येते. थोरलीला ते लागत नाही. "मग थोरलीचं विष काढलं. मग मी मागे उंदरांचे पिंजरे झाडायला गेले. तिथंसुद्धा त्या कपाटाची पिपिप ऐकू येत होती. कान किटले माझे! म्हटलं, या घरात साप मुके आणि कपाट बोलकं."

"कपाट वाजत होतं? कधीपासून?"

"साडेनऊपासून असेल. अजून वाजतंय की. आत जा, ऐक."

अपघाताचा कागद भरल्याशिवाय उतारा बाहेर नेता येत नसे; साहेब टेबलाशी तोच लिहीत होते. लेकीनं कपाटाचं विचारताच त्यांचं पेन थांबलं.

"ते कपाट आठवड्यातून दोनदा बोंबलतं. दुरुस्तीचा अर्ज पाठवलाय मी."

"कधी?"

"महिना झाला."

"वाजतं म्हणजे आत गारवा राहिलेला नाही, बरोबर? मग धाकटी गारठलीच नव्हती."

साहेब उठले. चेहऱ्याचा रंग उडाला होता. "हे बघ, कपाट नादुरुस्त होतं हे खरं. पण चावली थोरली. साक्षीदार आहे. माझ्या कपाटाचा याच्याशी संबंध लावू नकोस, पोरी."

माझ्या कपाटाचा. लेकीच्या मनात आलं, यानंच काकांच्या तोंडी थोरली घातली. कपाट लपवायला. काका गरीब, साहेबापुढे मान खाली घालणारे.

सव्वा वाजला होता. ती विषघराचं दार ढकलून आत गेली.

५

आत काका एकटेच होते. पाण्याच्या वाट्या ओळीनं पुसत होते, जणू आजचा दिवस कालच्यासारखाच आहे. त्यांच्या कोपराशी गारव्याचं कपाट उभं होतं. त्याच्यावर तापमानाचा लाल आकडा दिसत होता, सत्तावीस. आणि पिपिप चालू होती. बारीक, सुईसारखी. लेकीला दारातच दात आंबल्यासारखं झालं.

"काका."

उत्तर नाही. तिनं पुढे होऊन खांद्याला हात लावला तेव्हा ते दचकले.

"तू होय! उस्ताद कसे आहेत?"

"तसेच. काका, मला सांगा ना, नेमकं काय झालं?"

त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एकटक पाहिलं. "मी बाहेर पॅसेजमधे वाट्या धूत होतो. दार लोटलेलं. एकदम फुस्स झालं, केवढ्यानं! म्हटलं, थोरली बिथरली. धावत आलो तर ती उस्तादांच्या पायाशी. आकड्यानं उचलली, पिंजऱ्यात टाकली, कडी लावली."

"आणि धाकटी?"

"ती कपाटात होती. नंतर मीच काढून तिच्या पिंजऱ्यात ठेवली. गार होती, दोरीसारखी."

कपाटावर सत्तावीस. पिपिप, पिपिप.

"काका, हे बंद करता का?"

"काय?"

तिनं बोट दाखवलं नाही. ती नुसती पाहत राहिली. काकांनी खिडकीकडे पाहिलं, नळाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. मग पंखा बंद केला आणि तिच्याकडे बघून हसले.



रोज वीस माणसं तिच्यासमोर बसतात. तिला माहीत होतं, वय झालं की आधी पातळ आवाज जातात. पाखरं जातात, घड्याळाची टिकटिक जाते, स आणि श जातात. जाड आवाज शाबूत राहतात, म्हणून माणसाला वाटतं की आपलं सगळं ठीक आहे, लोकच पुटपुटतात. मग माणूस ओठ वाचायला शिकतो. आणि ओठ दिसले नाहीत की मान हलवायला शिकतो. हो हो. बरोबर.

पिपिप पातळ. फुस्ससुद्धा पातळ. ज्याला कोपराशी असलेलं कपाट ऐकू येत नाही, त्याला लोटलेल्या दारामागून थोरलीचा फुत्कार ऐकू आला?

आणि मग तिला आठवला इस्पितळातला पॅसेज. मास्क. हळू आवाज. किती वाजले होते? हो ना, थोरलीच.

साहेब नव्हे. देवा, साहेब नव्हे.

पण खात्री हवी होती, डॉक्टरबाईंच्या हातात ठेवता येईल अशी. घड्याळात एक बत्तीस. तिनं रुमाल काढला, नाक पुसावं तसा तोंडावर धरला, आणि तिच्या आयुष्यातलं सगळ्यात भयंकर वाक्य हळू, पातळ आवाजात उच्चारलं.

"काका, आबा गेले."

काकांनी मायेनं मान हलवली.

"हो हो," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं."

६

रुमाल तिच्या हातून गळून पडला.

तिनं काकांना खिडकीशी ओढलं, चेहऱ्यावर उजेड येईल अशी उभी राहिली, आणि जाड आवाजात, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"काका, माझ्या तोंडाकडे बघा. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते तुम्हाला कळलंच नाही. आबांना एकच उतारा देता येतो. थोरलीचा, नाही तर धाकटीचा. दोन्ही नाही. चुकीचा दिला तर आबा मरतील. दोन वाजता थोरलीचा देणार आहेत. तुमच्या शब्दावर."

ते तिच्या ओठांकडे पाहत राहिले. एक ओळ वाचली, दुसरी वाचली. मग त्यांच्या चेहऱ्यातलं काही तरी ढासळलं.

"दोन्हीवर चालतो तो... पूर्वी तर दोन्हीवर चालणारा देत होते!"

"आबांना तो चालत नाही. आठ वर्षांपूर्वी काय झालं होतं, आठवा."

"अगं, मग कुणी सांगितलं का नाही मला!"

"सांगितलं, काका. तुम्ही मान हलवलीत."

काका मटकन खाली बसले. दोन्ही हात डोक्यावर. "धाकटी," ते म्हणाले. मग ओरडले, "धाकटी गं! धाकटी! उस्तादांनी खण ओढला तशी ती आतून सुटली. बाणासारखी. मी इथंच होतो, बाहेर नव्हतो, इथंच, पाठ करून. कपाट वाजतं तेव्हा थांबायचं, हा आमचा तीस वर्षांचा नेम. उस्ताद थोरलीच्या कड्या लावत होते, कपाटाकडे लक्ष ठेवायचं काम माझं. त्यांनी विचारलं असेल, वाजतंय का रे म्हणून. मी हो हो म्हटलं असेन, नाही म्हटलं असेन, मला काय ठाऊक!"

"मग आबांना का नाही ऐकू आली पिपिप?"

"त्यांचेही कान कुठे आता पहिल्यासारखे? ते माझ्या भरवशावर होते. आणि मी त्यांच्या."

लेकीनं डोळे मिटले. एका छपराखाली दोन म्हातारे, दोघांचे कान विझत आलेले, दोघंही एकमेकांपासून लपवणारे.

"धाकटी म्हटलं असतं तर पहिला प्रश्न तोच आला असता," काका रडत म्हणाले. "कपाट वाजत असताना तू काय करत होतास? बहिरा म्हणून घरी बसवलं असतं. सापाचं शेपूट धरण्यापलीकडे मला दुसरं काय येतं? म्हणून थोरली म्हटलं. फुत्कार ऐकला म्हटलं. ऐकला म्हटलं की कान चांगले ठरतात ना. मला वाटलं, औषध तर तेच मिळणार आहे, नाव कुणाचं का असेना."

एक चव्वेचाळीस. तिनं फोन लावला आणि काकांच्या तोंडाशी धरला. "बोला. ऐकायचं काही नाहीये. नुसतं बोला."

"डॉक्टरबाई, धाकटी चावली. मी खोटं बोललो. माझ्या डोळ्यांनी पाहिली, धाकटी होती. थोरलीचं देऊ नका हो. पाया पडतो."

दारात साहेब उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते शीतपेटीकडे गेले, हातातली थोरलीची कुपी आत ठेवली आणि धाकटीची काढली. ती त्यांच्या बोटांतून निसटू लागली, तशी मागून आलेल्या पिंजरेवालीनं हिसकावून घेतली.

"द्या इकडं. गाडी तरी चालवता येईल ना?"

७

पहिला थेंब शिरेत गेला तेव्हा दोनला चार मिनिटं होती.

त्यानंतर करण्यासारखं कुणाकडेच काही उरलं नाही. आबांच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरला, डॉक्टरबाईंनी दोनदा सुया मारल्या आणि एकदा सगळ्यांना बाहेर काढलं. तीन वाजले. पाच वाजले. आईनं पाणीसुद्धा घेतलं नाही. काका पॅसेजच्या पार टोकाला, जिन्याच्या कठड्याशी उभे राहिले. जवळ यायची त्यांची हिंमत होईना, आणि लेकीचीही बोलवायची इच्छा होईना. राग होता तिच्या पोटात. काकांवर होता, आबांवर होता, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर. जगाचे कान तपासले तिनं. घरातल्या दोन म्हाताऱ्यांना कधी त्या खोलीत बसवलं नाही.

आठ वाजता डॉक्टरबाईंनी आबांच्या दंडातून थोडं रक्त काढलं आणि काचेच्या नळीत घालून दाराशी टेबलावर ठेवलं. "वीस मिनिटं हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "मग आडवी करायची. वाहिलं, तर विष अजून जिंकतंय."

सकाळी आडव्या केलेल्या नळीतून रक्त पाण्यासारखं वाहिलं होतं. लेकीनं ते पाहिलं होतं.

वीस मिनिटं आई नळीकडे बघत राहिली. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग डॉक्टरबाईंनी दोन बोटांत नळी उचलली, सावकाश कलती केली, अजून कलती केली, पार आडवी केली.

रक्त जागचं हललं नाही. काचेला धरून बसलं.

"गोठलं," डॉक्टरबाई म्हणाल्या. आणि त्यांनीच भिंतीचा आधार घेतला.

आईनं हंबरडा फोडला. दिवसभर दाबलेलं सगळं एकदम बाहेर आलं. ती वाकली, गुडघ्यांवर आली, कपाळ फरशीला लावून हमसून हमसून रडू लागली.

लेकीनं वर पाहिलं. पॅसेजच्या टोकाला काकांनी आईला कोसळताना पाहिलं होतं. गोठलं हा शब्द त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. पोचलं होतं ते एवढंच, की एक बाई फरशीवर पडून रडतेय. काकांनी कठडा दोन्ही हातांनी धरला होता, आणि ते जिन्याच्या खोल पोकळीत वाकून पाहत होते.

"काका!" ती ओरडली. ओरडून काय उपयोग होता. ती धावली.

तिनं मागून कमरेला मिठी घातली आणि त्यांना कठड्यापासून ओढलं. ते तिच्याकडे बघेनात. डोळे घट्ट मिटलेले. तिचे ओठ त्यांना वाचायचेच नव्हते. ती सांगत राहिली, जिवंत आहेत, काका, आबा जिवंत आहेत, आणि त्यातलं काहीही त्या मिटलेल्या माणसात शिरत नव्हतं.

मग तिनं बोलणं सोडलं. मनगट धरून त्यांना पॅसेजभर फरफटत आणलं, आईला ओलांडून, डॉक्टरबाईंना बाजूला सारून, थेट खाटेपाशी. आबांच्या अंगावरची चादर खाली केली आणि काकांचा तळहात, तीस वर्षं सापांची शेपटं धरून राठ झालेला, आबांच्या छातीवर दाबून धरला.

काका ताठ झाले. मग त्यांची बोटं हळूहळू पसरली.

आतून धक्का आला. थांबला. पुन्हा आला.

काकांनी डोळे उघडले नाहीत. मान हलवली नाही. ओठ मात्र हलू लागले, आणि जवळ वाकल्यावर लेकीला कळलं की ते मोजताहेत.